ग्रे टॉवर्स : वनऋणाची वास्तू

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या मांडवात एका वनसंग्रहालयाची कथा सांगावी, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथ आणि अरण्य यांचे नाते फार जवळचे आहे. बेळगावच्या वेशीपलीकडे खानापूर सोडले की साग, किंजळ आणि बांबू यांची राने सुरू होतात ती थेट दांडेलीपर्यंत. त्या दांडेलीत १९५५ च्या सुमारास कागद गिरणी उभी राहिली आणि रानातला बांबू कागदाच्या रिमांतून छापखान्यांकडे जाऊ लागला. वाचनालयाच्या कपाटाला लाकूड लागते, कपाटातल्या पुस्तकाला कागद लागतो, आणि या दोहोंसाठी कुठेतरी कुऱ्हाड चालते. तेव्हा प्रत्येक ग्रंथसंग्रह हा एका परीने अरण्याचा ऋणको आहे. ऋण घेणे जगाच्या व्यवहारात अटळ असते. ते मान्य करणे आणि फेडणे मात्र माणसाच्या संस्कारावर अवलंबून असते. असे ऋण मान्य करणाऱ्या एका घराण्याची आणि त्याच्या वास्तूची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, डेलावेअर नदीच्या काठी, मिलफर्ड नावाचे एक छोटे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर, ‘ग्रे टॉवर्स’ ही हवेली उभी आहे. तिच्या भिंती स्थानिक निळसर करड्या दगडाच्या आहेत. तीन कोपऱ्यांवर तीन गोल बुरूज आणि त्यांवर शंकूच्या आकाराची उंच छपरे आहेत. फ्रान्समधील उमरावांच्या गढ्या ज्यांनी चित्रांत पाहिल्या असतील, त्यांना या वास्तूचे कूळ तत्काळ ओळखता येईल. तिचा आराखडा रिचर्ड मॉरिस हंट या त्या काळच्या अग्रगण्य अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने केला. बांधकाम १८८४ मध्ये सुरू झाले आणि १८८६ मध्ये पूर्ण झाले. आज ही हवेली अमेरिकी वनसेवेच्या ताब्यात असून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून ती जतन केली आहे. वनसंवर्धनाचा इतिहास समजून घेण्यासाठी दूरदूरचे लोक तेथे येतात.

येणाऱ्याचे लक्ष वेधून घेणारी पहिली गोष्ट म्हणजे हवेलीभोवतीची घनदाट झाडी. मोठमोठ्या वृक्षांच्या आड बुरूज अर्धेअधिक झाकले जातात. परंतु बांधकामाच्या काळातील छायाचित्रांत निराळेच दृश्य दिसते. टेकडी जवळजवळ उघडी आहे, आणि त्या उघड्या माळावर ही डौलदार गढी एकटीच उभी आहे. एकाच जागेची ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली की या संग्रहालयाचे अर्धे सार हाती येते. ती टेकडी ओसाड कशी झाली आणि पुन्हा हिरवी कशी झाली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत पिंशो घराण्याच्या तीन पिढ्यांचा इतिहास सामावला आहे.

पिंशो कुटुंब मूळचे फ्रान्सचे. नेपोलियनच्या पाडावानंतर त्याच्या पक्षपात्यांना मायदेशी राहणे अवघड झाले, तेव्हा हे कुटुंब १८१६ मध्ये अमेरिकेत आले आणि पुढे मिलफर्डला स्थायिक झाले. तेथे त्यांनी दुकान थाटले, जमिनी घेतल्या आणि लाकडाच्या व्यापारात उडी घेतली. त्या काळची रीत अशी होती की, जंगल विकत घ्यावे, ते सरसकट तोडावे, ओंडक्यांचे तराफे बांधून डेलावेअरच्या पुरावर सोडून द्यावेत आणि तोडलेल्या रानाकडे पाठ फिरवून पुढच्या रानाकडे वळावे. या देशातील जंगल कधी संपेल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पेनसिल्व्हेनिया या नावातच ‘पेनचे अरण्य’ असा अर्थ आहे. पण विसावे शतक उजाडेपर्यंत त्या राज्यातील विस्तीर्ण डोंगरांवर केवळ खुंट उरले होते आणि वाळलेल्या फांद्यांच्या ढिगांना लागलेल्या वणव्यांनी मातीही भाजून निघाली होती.

या घराण्यातील जेम्स पिंशो न्यूयॉर्कला गेले आणि भिंतीवर लावायच्या शोभिवंत कागदाच्या व्यापारात त्यांनी विपुल संपत्ती मिळविली. ते कलांचे चाहते होते. सॅनफर्ड गिफर्ड या निसर्गचित्रकाराशी त्यांचा स्नेह इतका गाढ होता की, १८६५ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाचे नाव त्यांनी गिफर्ड असे ठेवले. अरण्याची चित्रे विकत घेणाऱ्या या रसिकाला, आपल्याच पूर्वजांनी उजाड केलेल्या टेकड्या गावी गेल्यावर दिसत असत. १८८५ मध्ये, मुलगा येल विद्यापीठात जाण्याच्या बेतात असताना, जेम्स पिंशोंनी त्याला विचारले, की वनशास्त्रज्ञ व्हायला तुला आवडेल काय? हा प्रश्न त्या काळी किती विलक्षण होता याची कल्पना आज सहजी येणार नाही. वनशास्त्र हा व्यवसाय म्हणून पत्करलेला एकही अमेरिकन माणूस तोवर नव्हता. ते शिकविणारे विद्यालय नव्हते आणि शिकून आल्यावर नोकरी देणारे खातेही नव्हते. लाकडाच्या पैशावर वाढलेल्या घराण्यातील पित्याने मुलाला जंगल राखण्याचा धंदा सुचवावा, यात त्या ऋणाची पहिली कबुली होती.

११ ऑगस्ट १८८६ हा गिफर्डचा एकविसावा वाढदिवस. त्याच दिवशी नव्या हवेलीचा गृहप्रवेश झाला, आणि त्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याला घरच्यांकडून जॉर्ज पर्किन्स मार्श यांचा ग्रंथ मिळाला. १८६४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा आशय असा की, माणूस निसर्गात केवळ राहत नाही, तो निसर्ग बदलतो. जंगले तोडली की झरे आटतात, माती वाहून जाते आणि भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन संस्कृतींच्या ऱ्हासामागेही हेच कारण होते. श्रोतेहो, ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्या दिवशी एका तरुणाला प्रासादतुल्य घर मिळाले आणि एक पुस्तक मिळाले. त्याच्या आयुष्याला वळण देण्यात त्या पुस्तकाचा वाटा घरापेक्षा कमी नव्हता.

१८८९ मध्ये येलची पदवी घेऊन गिफर्ड पिंशो युरोपला गेले, आणि येथे या अमेरिकन कथेत हिंदुस्थानचा प्रवेश होतो. जर्मनीतील बॉन शहरी त्यांची भेट सर डीट्रिख ब्रँडिस यांच्याशी झाली. ब्रँडिस जन्माने जर्मन आणि विद्येने वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांची व्यवस्था त्यांच्याकडे आली. १८६४ मध्ये ते हिंदुस्थान सरकारचे पहिले वनमहानिरीक्षक झाले, आणि १८८३ मध्ये निवृत्त होईपर्यंत या देशाच्या वनखात्याची सारी घडी त्यांनी बसविली. डेहराडूनचे वनविद्यालय १८७८ मध्ये त्यांच्याच काळात निघाले. ब्रँडिस यांचा एक धागा मराठी ग्रंथव्यवहारापर्यंतही पोहोचतो. त्यांची पहिली पत्नी रेचेल ही सेरामपूरच्या जोशुआ मार्शमन यांची कन्या. आणि मार्शमन यांचे सहकारी विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहूनच १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश प्रसिद्ध केला होता.

ब्रह्मदेशातील ब्रँडिस यांच्या कामाची एक हकीकत पिंशो यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. सागवनांत झाडे किती आणि कोणत्या घेराची, याची मोजदाद आजवर कोणी केली नव्हती. पावसाळी रानात कागद टिकत नसे. तेव्हा ब्रँडिस हत्तीवर बसून निघत. डाव्या हातात काही काठ्या आणि उजव्या हातात चाकू. वाटेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात सागाचे झाड दिसले की त्याच्या जाडीप्रमाणे त्या त्या काठीवर एक खाच. मुक्कामी आल्यावर खाचा मोजायच्या. असे महिनोन् महिने चालले, आणि त्या खाचांच्या आधारे दर वर्षी किती साग तोडला तर रान कायम राहील, याचे गणित मांडता आले. शास्त्रीय वनव्यवस्थेचे सारे मर्म या साध्या कृतीत आहे. मुद्दल किती ते आधी मोजावे आणि मग खर्च व्याजापुरताच ठेवावा.

ब्रँडिस यांच्याच सल्ल्याने पिंशो फ्रान्समधील नान्सी येथील वनविद्यालयात दाखल झाले, झुरिक नगराच्या सील्वाल्ड या सुव्यवस्थित वनात त्यांनी अनुभव घेतला आणि १८९० च्या अखेरीस ते स्वदेशी परतले. अभ्यासासाठी आणखी काळ थांबावे असे गुरूंचे मत होते. शिष्याला घाई होती. तरीही गुरूशिष्यांचा पत्रव्यवहार पुढे चालू राहिला आणि अमेरिकेतील प्रत्येक महत्त्वाच्या पावलाच्या वेळी निवृत्त वनमहानिरीक्षकांचा सल्ला बॉनहून मिलफर्डच्या या घरातील मंडळींना मिळत राहिला.

पुढील इतिहास बराचसा सर्वश्रुत आहे. १८९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील व्हँडरबिल्ट यांच्या बिल्टमोर इस्टेटीवर पिंशो यांनी शास्त्रीय वनव्यवस्थेचा प्रयोग सुरू केला. १८९८ मध्ये ते सरकारच्या लहानशा वनविभागाचे प्रमुख झाले. १९०५ मध्ये सरकारी वने शेतकी खात्याकडे आली, वनसेवा स्थापन झाली आणि पिंशो तिचे पहिले प्रमुख झाले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. राखीव वनांचे क्षेत्र १९०५ मध्ये सुमारे ५ कोटी ६० लाख एकर होते, ते १९१० पर्यंत सुमारे १७ कोटी २० लाख एकरांवर गेले. १९०७ मध्ये वायव्येकडील सहा राज्यांत नवी वने राखीव करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार काढून घेणारे विधेयक संमत झाले, तेव्हा त्यावर सही होण्यापूर्वीच्या मोजक्या दिवसांत पिंशो आणि त्यांचे सहकारी रात्री जागून नकाशे तयार करीत बसले आणि सुमारे १ कोटी ६० लाख एकर रान राखीव झाले. हे सारे लाकूड व्यापाऱ्यांना रुचले नाही. रूझवेल्टनंतर आलेले राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्याशी तर उघड बिनसले आणि जानेवारी १९१० मध्ये पिंशो यांना पदच्युत करण्यात आले. पुढे १९२३ ते १९२७ आणि १९३१ ते १९३५ असे दोन वेळा ते पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर झाले.

पण या व्याख्यानाचा विषय पदांची यादी हा नसून ती वास्तू हा आहे. पिंशो कुटुंबाने १९०० मध्ये दिलेल्या देणगीतून येल विद्यापीठात वनशास्त्राचे विद्यालय सुरू झाले. १९०१ पासून १९२६ पर्यंत त्या विद्यालयाचे विद्यार्थी उन्हाळ्यात मिलफर्डला येत, हवेलीच्या आवारात तंबू ठोकून राहत आणि त्याच उघड्या टेकड्यांवर झाडांची ओळख, मोजणी, लागवड हे सारे शिकत. ज्या जमिनीवरचे जंगल तोडून घराणे श्रीमंत झाले, तीच जमीन वनविद्येची पाठशाळा झाली. जेम्स पिंशो १९०८ मध्ये निवर्तले तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले होते.

हवेलीला घरपण आणि सार्वजनिक जीवन या दोहोंचा स्पर्श दिला तो गिफर्ड यांच्या पत्नी कॉर्नेलिया यांनी. १९१४ मध्ये विवाह होऊन त्या या घरात आल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि कामगारांच्या न्याय्य मागण्यांसाठी त्या झटल्या. त्यांनी अंधाऱ्या दालनांमधील भिंती काढविल्या, ग्रंथदालन प्रशस्त केले, बागा रचल्या. बागेतील एक जागा पाहुणे विसरत नाहीत. तेथे भोजनाचे मेज म्हणजे एक दगडी कुंड आहे. भोवती पाहुणे बसत, मधल्या पाण्यावर लाकडी कटोरे तरंगत आणि जेवणाचे पदार्थ हलक्या धक्क्याने एकाकडून दुसऱ्याकडे जात. ज्या घराण्याचे भाग्य पाण्यावर तरंगत गेलेल्या ओंडक्यांनी उजळले, त्याच्या पंगतीतही लाकूड पाण्यावर तरंगत होते. फरक इतकाच, की आता ते परत येत होते.

१९४६ मध्ये गिफर्ड पिंशो यांचे निधन झाले. १९६३ मध्ये त्यांच्या मुलाने हवेली आणि भोवतालची १०२ एकर जमीन वनसेवेच्या स्वाधीन केली. २४ सप्टेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हस्ते तेथे वनसंवर्धनविषयक संस्थेचा समर्पणसोहळा झाला. दोनच महिन्यांनी केनेडी यांची हत्या झाली. वास्तू मात्र समाजाची झाली ती झालीच.

श्रोतेहो, कथा येथे संपविली तर ती सुबक होईल, पण पुरी होणार नाही. ऋणाच्या वहीत काही नोंदी राहून गेल्या आहेत आणि चांगल्या संग्रहालयाचा धर्म असा की त्याने त्या झाकू नयेत. पिंशोंच्या पूर्वजांनी जे रान विकत घेतले, ते मुळात लेनापे लोकांचे होते. १७३७ मध्ये, एक माणूस दीड दिवसात जेवढे चालेल तेवढी जमीन, अशा जुन्या कराराचा आधार घेऊन वसाहतवाल्यांनी आधी वाट साफ करवून निवडक पळणारी माणसे धावविली आणि त्या मोजणीवर लेनाप्यांचा विस्तीर्ण प्रदेश गिळंकृत केला. पिंशो यांचे वनशास्त्र झाडे मोजण्यात निष्णात होते, पण त्या झाडांखाली पूर्वी कोण राहत होते हा प्रश्न त्याच्या गणितात नव्हता. उपयोग आणि सौंदर्य यांचा झगडा झाला तेव्हाही पिंशो उपयोगाच्या बाजूला उभे राहिले. कॅलिफोर्नियातील हेच हेची दरीत धरण बांधण्यास त्यांनी पाठिंबा दिला. जॉन म्यूर यांनी प्राणपणाने विरोध करूनही १९१३ मध्ये त्या धरणाला संमती मिळाली.

हीच उणीव हिंदुस्थानातील वनखात्यात अधिक तीव्रतेने प्रकट झाली. गावांना त्यांची स्वतःची वने असावीत, असे ब्रँडिस यांचे मत होते. पण १८७८ च्या वनकायद्यात सरकारी मालकीचा आग्रह धरणाऱ्यांची सरशी झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याला विरोध केला होता. ज्या १८८३ साली ब्रँडिस सन्मानाने निवृत्त झाले, त्याच साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. डोंगर, दऱ्या आणि पडीक राने जंगलखात्याने कोंडून घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायलाही जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार त्यात आहे. रान वाचत होते. पण राबासाठी टहाळ, चुलीसाठी सरपण आणि गुरांसाठी चारा यांवाचून गावकरी गुन्हेगार ठरत होता. तो साचलेला संताप १९३० मध्ये जंगल सत्याग्रहातून बाहेर पडला. विदर्भात लोकनायक बापूजी अणे यांनी सत्याग्रह केला, बिळाशीने झुंज दिली, आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे गोळीबारात माणसे पडली. बॉनच्या त्या विद्वानाने मिलफर्डच्या तरुणाला जे शिकविले त्यात मुद्दल आणि व्याज होते. मुद्दलाचे वाटेकरी कोण, हे या माणसांनी शिकविले.

ती शिकवण कायद्यात उतरायला पुढे फार काळ लागला. २००६ मध्ये वनहक्कांचा कायदा झाला आणि २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावाला १८०० हेक्टरांहून अधिक वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बांबूची तोड आणि राखण दोन्ही आपल्या हाती घेतली. सव्वाशे वर्षांपूर्वी खात्याने दूर लोटलेला वाटेकरी अशा रीतीने राखणदार होऊन परत आला. मिलफर्डच्या टेकडीला आणि मेंढा-लेखाच्या रानाला जोडणारा रस्ता कोणत्याही नकाशावर नाही, तरी एकाच ऋणाचे ते दोन काठ आहेत.

या वास्तूकडे पाहून ग्रंथालयाच्या सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी काय घ्यावे? एक तर दानाची रीत. पिंशो कुटुंबाने आधी विद्यालयासाठी धन दिले, मग विद्यार्थ्यांसाठी जमीन मोकळी केली आणि शेवटी राहते घरच समाजाच्या हवाली केले. शंभर वर्षे चाललेले कोणतेही ग्रंथालय अशाच दानावर चालते. कोणी जागा देतो, कोणी आजोबांची पुस्तके देतो, कोणी मासिक वर्गणी न चुकता देतो. दुसरी गोष्ट दानाहून कठीण आहे, ती म्हणजे हिशेबाचा प्रामाणिकपणा. आपल्या वैभवाखाली कोणाची जमीन, कोणाचे रान, कोणाचे श्रम गेले आहेत हे ज्या संस्थेच्या कपाटांत वाचायला मिळते, तीच संस्था खऱ्या अर्थाने सार्वजनिक. मार्श यांच्या ग्रंथाशेजारी ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवणारे ग्रंथालय हे काम दररोज, गाजावाजा न करता करीत असते.

१८८६ च्या छायाचित्रातील ती बोडकी टेकडी आज सावलीने भरली आहे. ती सावली एका पिढीने लावली आणि पुढच्या पिढ्यांनी भोगली. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकातील वाचक आज जन्माला आलेलेही नाहीत. त्यांच्यासाठी लावायची झाडे आणि ठेवायची पुस्तके यांची निवड मात्र आजच्या सभासदांनाच करावयाची आहे.